चोविसावी पिशवी

पातेल्यात पाणी, पाण्यावर काचेचा वाडगा,
वाडग्यात चॉकलेटचे तुकडे.
गॅस बारीक. एवढंच.
बाकी सगळं थांबण्याचं काम,
आणि थांबणं मला येतं:
एकोणीस वर्षं शाळेची बस चालवते मी
ससकॅचवानच्या या सरळ रस्त्यांवर,
लोकांच्या फाटकांसमोर, इंजिन चालू ठेवून.

पाण्याचा एक थेंब पडायचा अवकाश,
चॉकलेट बिनसतं,
गोळा होऊन बसतं, रवाळ, हट्टी.
मागच्या वर्षी चष्म्यावरची वाफ टपकन ओघळली
अन् दोन किलो वाया.
वाया म्हणजे, डेनिसने महिनाभर दुधात घालून प्यायलं.
माझ्या नवऱ्याच्या लेखी
जगात काहीच वाया जात नाही.

यंदा चष्मा काढून ठेवला.
प्रेट्झेलच्या काड्या, खारट, वीतभर लांब.
बुडवायची, वर उचलायची, मनगट जरा फिरवायचं,
जादा चॉकलेट आपणहून परत जातं वाडग्यात
घरी निघालेल्या पोरासारखं,
आधी सावकाश, मग एकदम.
वरून शेंगदाण्याचा भरडा.

फ्रीज लागत नाही.
ताट उचलून अंगणातल्या ट्रकच्या बॉनेटवर ठेवलं.
उणे एकतीस.
फार वेळ राहिलं तर तडे जातात,
म्हणून खिडकीशी उभी राहून आकडे मोजते.
पलीकडे गव्हाची शेतं, पांढरी, सपाट,
आणि धान्याच्या कोठारावरचा एकुलता दिवा.

मग नावं.
मी नावं रस्त्याच्या क्रमाने लिहिते,
सकाळी जो आधी चढतो तो आधी.
टॅनर, रुळांपलीकडचा. त्याला शेंगदाणे चालत नाहीत,
त्याच्या काड्या सगळ्यांच्या आधी, वेगळ्या वाडग्यात, धुतलेल्या ओट्यावर.
मग मारिकार आणि तिचा धाकटा भाऊ.
त्यांची आई म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात रात्रपाळीला असते,
तरी नाताळात मला डबाभर गरम लुम्पिया पाठवते.
होरचुकांच्या जुळ्या लाल फितीवरून भांडतात,
दोघींना हिरवी.
असं करत करत गावाच्या पाटीपर्यंत.

मोजल्या. चोवीस.
पोरं तेवीस.
पुन्हा मोजल्या.
खालून चौथी पिशवी:
कोल्टन.

पोटॅशच्या खाणीने माणसं कमी केली नोव्हेंबरात.
त्याचा बाप ट्रकला ट्रेलर जोडून आल्बर्टाकडे निघाला
एका रविवारी.
सोमवारी मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांच्या फाटकाशी मी चार मिनिटं उभी होते,
हॉर्न न वाजवता.

डेनिस म्हणाला, दुसऱ्या कुणाला दे.
दुसऱ्या कुणाला कशी देणार?
नाव लिहून झालंय.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस.
उतरताना प्रत्येक हातमोज्यात एक पिशवी,
कुणी "थँक्यू, मिसेस बॉयचक",
कुणी पायरीवरच दात लावलेले.
शेवटी तीनच उरली, टॅनर आणि ती दोघं.
ज्या वळणावर बस आता वळत नाही
तिथे मी वळवली.

पत्रपेटीचं झाकण उघडं, आत बर्फाचा नेमका चौकोन.
मागे कुणी काही बोललं नाही.
मग टॅनर म्हणाला,
"तो नुसतं चॉकलेट चाटायचा
आणि काडी सीटच्या फटीत खुपसायचा.
आम्हाला माहीत होतं.
तुम्हाला सांगायचं नव्हतं."

एकोणीस वर्षांत बसमध्ये
मी इतकी मोठ्याने हसले नव्हते.

पिशवी सोडली. एक काडी घेतली.
या थंडीत चॉकलेट विरघळत नाही, कट्कन मोडतं.
आधी मीठ लागतं,
गोड मागून येतं, बरंच मागून.

बस मागे घेतली.
मागे घेताना ती बीप बीप वाजते,
रिकाम्या अंगणात जरा जास्तच.
आत कुणी असतं
तर पडदा हलला असता.